टेकलं

वस्तादाची बायको गेली आणि त्याचे हात खाली यायचे बंद झाले.

म्हणजे आभाळाकडे वर गेले होते असं नाही. कोपरात वाकलेले, तळवे वरच्या बाजूला, पोटासमोर धरलेले. कुणी त्यांच्यावर काहीतरी ठेवलंय आणि परत घ्यायला विसरलंय, असे. वर जायचे, चहाचा कप तोंडाशी न्यायचे, पण खाली म्हणून यायचे नाहीत. पडलेली किल्ली उचलता येईना, चपलेचा पट्टा लावता येईना, शर्ट चढवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. एक्स-रे काढून झाला, रक्त तपासून झालं, विजेचा शेक घेऊन झाला. हाडं चांगली, सांधे चांगले, नसा चांगल्या.

"सगळंच चांगलं आहे तर हात खाली का येत नाहीत?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

वस्तादाचं काम सामान हलवण्याचं. माणसं घरं बदलतात तेव्हा त्यांची कपाटं, पलंग, फ्रीज या जिन्यावरून उतरवायचे आणि त्या जिन्यावरून चढवायचे. तीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याच्या हातून कधी आरसा तडकला नव्हता, कुणाच्या भिंतीला ओरखडा गेला नव्हता. वस्ताद हे नाव त्याला त्यावरूनच पडलेलं. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्याची नजर आधी दाराच्या मापावर जाई, मग सोफ्यावर, आणि घरातल्या बाईने पाणी विचारायच्या आत सोफा उभा निघेल की आडवा हे त्याला कळलेलं असे.

त्याचा जोडीदार बुटका. जिना उतरताना वस्ताद खालच्या बाजूला, बुटका वरच्या. दोघांचा कायदा एकच होता आणि कामावर आलेल्या प्रत्येक नव्या गड्याला तो आधी शिकवला जाई. मधल्या मालामुळे पलीकडचं काही दिसत नाही. तेव्हा मालाचा पलीकडचा पाय जमिनीला लागला की तिकडच्याने म्हणायचं, "टेकलं." समोरचा 'टेकलं' म्हणत नाही तोवर हात सोडायचा नाही, बोटं चिरडली तरी. आणि म्हणाला की सोडायचाच, वाकून बघत बसायचं नाही. सगळा कारभार त्या एका शब्दावर. माल हवेत असताना 'टेकलं' म्हणणाऱ्या एकाला वस्तादाने भर रस्त्यात टेम्पोतून उतरवून दिलं होतं. मुकादमसुद्धा त्यावर चकार शब्द बोलला नव्हता.

तर असा हा माणूस आता गोडाऊनच्या दारात हात पुढे करून उभा राहू लागला. लोकांनी सुरुवातीला डोळे पुसले. मग सवय झाली. मग थट्टा सुरू झाली.

"वस्ताद, ट्रे घेऊन निघालातच आहात तर आमचाही चहा आणा की."

"अरे, हात टेकले डॉक्टरांनी! वस्तादाचे काही टेकेनात."

बुटका कुणाला आवरत नसे. उलट सगळ्यात मोठ्याने तोच हसे. एरवी वस्ताद अंगावर गेला असता, पण हात पुढे धरून कोण कुणाच्या अंगावर जाणार? मुकादमाने त्याला टेम्पोत पुढे बसवून नेलं, नुसतं सांगायला, की हे इकडे ठेवा, ते तिकडे ठेवा. तेही फार दिवस चाललं नाही. "याला लोकांच्या दारात न्यायचं म्हणजे पंचाईत," मुकादम त्याच्यासमोरच बुटक्याला म्हणाला. "बाई दार उघडते आणि तिला वाटतं भिकारी आला."

हातांचं कारण वस्तादाला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे मुलीचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि मुलीचं नाव घ्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

त्याच्या बायकोला लकवा झाला होता. डावी बाजू गेली. तेव्हापासून तिला सकाळी पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं आणि कामावरून आल्यावर खुर्चीतून उचलून पलंगावर निजवायचं हे त्याचं काम. मधल्या वेळात शेजारीण बघे. तो तिला उचले तेव्हा ती त्याच्या मानेत उजवा हात घाली आणि अर्ध्या तोंडाने म्हणे, "अहो, सांभाळून. मी फ्रीज नाही."

"फ्रीज बरा. तो गप्प तरी बसतो."

खुर्चीला पाठ लागली की ती म्हणायची, "टेकले." मग तो हात काढून घ्यायचा. तीही त्याच्याबरोबर तीस वर्षं राहिली होती. कायदा तिला पाठ होता. एखाद्या दिवशी ती मुद्दाम म्हणायची नाही. तो वाकलेला, तसाच थांबलेला, आणि ती खिडकीतून बाहेर बघतेय.

"अगं, बोल ना. कंबर गेली माझी."

"बघतेय, किती वेळ धरता."

मुलगी त्यांची एकुलती एक. दुसऱ्या गावी शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी, बोलणं शिट्टीसारखंच. आवाज मात्र हुबेहूब आईचा, इतका की फोनवर जावईसुद्धा फसायचा. माणसाने ठरवलं की अंग ऐकतं, हे तिचं ठाम मत. ऐकत नसेल तर माणूस लाड करून घेतोय. आईचंही तिने हेच निदान केलं होतं. तिने आईला पट्ट्याचे पांढरे बूट पाठवले, चालायचा सराव करायला. बूट पलंगाखाली पडून राहिले. दर रविवारी तिचा फोन येई, आणि वस्ताद तो बायकोच्या उशीशी मोठ्या आवाजात लावून ठेवी.

"आई, घातलेस का बूट?"

"पट्टा लागत नाही गं एका हाताने."

"लागतो. प्रयत्न केला तर लागतो. तुला बाबांनी डोक्यावर बसवून ठेवलंय. त्यांच्या पाठीचं बघ जरा. त्यांना मारून मग उठणार आहेस का तू?"

त्या रविवारी फोन ठेवल्यावर बायकोने जेवायला मागितलं. जेवली, झोपली. सोमवारी सकाळी वस्ताद स्वयंपाकघरात चहा गाळत होता. आतून आवाज आला. तो हात पुढे करूनच धावला, पण उशीर झाला होता. ती पलंग आणि खुर्चीच्या मध्ये पडली होती, डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटलं होतं. एका पायात पांढरा बूट होता. पट्टा अर्धवट लागलेला, त्याचं टोक तिच्याच टाचेखाली आलेलं.

त्याने तिला उचललं. ती शुद्धीवर होती. तोंडाची उजवी बाजू हसली. हे त्याने नीट पाहिलं, त्यात चूक नाही. ती म्हणाली, "पोरीला सांगा, उभी राहिले मी. माझी मी."

मग तिची मान त्याच्या दंडावर आली. तो तिला घेऊन किती वेळ उभा राहिला कोण जाणे. 'टेकले' कुणी म्हणालं नाही. शेजारणीने आणि तिच्या नवऱ्याने तिला त्याच्या हातांतून काढून घेतलं. त्याआधी, शेजारीण दार ठोठावत असताना, त्याने एकच शहाणपण केलं. तिला मांडीवर घेऊन खाली बसला, पायातला बूट काढला आणि पलंगाखाली सरकवला. खाली जाऊन काही केलं असं त्याच्या हातांचं ते शेवटचं काम.

मुलगी धावत आली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर त्याने तिला सांगितलं, "उचलताना तोल गेला माझा. सुटली हातातून."

दोष आपल्या अंगावर घेतला, विषय मिटला, असं त्याला वाटलं. पण घरी नातेवाईक जमले, साडू सगळ्यांसमोर म्हणाला, "इतकी वर्षं लोकांची कपाटं सांभाळली आणि घरचं माणूस पाडलं," तेव्हा त्याला राहवलं नाही. "पाडलं नाही हो. पलंगावरून घसरली ती," तो म्हणून गेला. मुलगी दारात उभी होती. तिने दोन्ही ऐकलं.

सगळी माणसं गेल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, खरं काय?"

"तेच. तोल गेला."

"तुमचा? तुमच्या हातून कधी बशी फुटली नाही, आणि माझी आई सुटली?" तिने त्याच्या वाकलेल्या हातांकडे बोट दाखवलं. "कंटाळला होतात ना? कंटाळून सोडलीत."

तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं तिने कबुलीत धरलं. आपल्या बापाला ती चांगली ओळखत होती, तिथेच सगळी गडबड झाली. बाप वेंधळा असता तर तोल गेला यावर तिचा विश्वास बसला असता.

नंतर तो तिच्या घरी राहायला गेला तेव्हा नात पळत आली आणि त्याच्या हातांखाली छपराखाली उभं राहावं तशी उभी राहिली. आजी तिला शिकवून गेली होती. खाली ठेवताना पाय लागले की म्हणायचं, टेकले.

"आजोबा, उचला ना."

तो गुडघ्यांत वाकू लागला. आपण सगळेच खाली गेलो तर हातही खाली जातील, असा त्याचा हिशेब. स्वयंपाकघरातून मुलगी ओरडली, "हात लावू नका तिला!"

"अगं, ती म्हणते म्हणून..."

"आधी आईचं काय केलंत ते सांगा. तोवर माझ्या पोरीला हात लावायचा नाही. आणि सांगायचं नसेल तर या दारात यायचंही नाही."

नात हातांखालून हळूच बाहेर सरकली.

शरीरातून मनावर उपचार करणाऱ्या मॅडम मुलीनेच शोधून काढल्या. तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला अपघातानंतर गाडीत बसलं की उलट्या व्हायच्या, ती त्यांच्याकडे जाऊन बरी झाली होती. मॅडमच्या खोलीत भिंतीवर एक पाटी होती. 'शरीर खोटं बोलत नाही.' मुलीने ती पाटी उभ्या उभ्या वाचली, परत वाचली आणि तेव्हाच बापाचं नाव नोंदवलं. बाप बरा व्हावा हेही तिच्या मनात असेल. नसेलच असं कसं म्हणावं?

वस्ताद पहिल्यांदा खोलीत शिरला तेव्हा त्याने दार बघितलं, कोपऱ्यातला लांब कोच बघितला. हा आत घेताना पाय काढले असणार. जमिनीवर जाड गालिचा, भिंतीला टेकून लोड, गाद्या, गोधड्या.

"काका, कुठे बसावंसं वाटतं?" मॅडमनी विचारलं. मुलीच्याच वयाच्या होत्या.

"खुर्चीत."

"बसा. आता हातांकडे लक्ष द्या. हातांना काय वाटतंय?"

"हातांना काय वाटणार? मला वाटतंय घरी जावं."

मॅडम हसल्या. मग त्यांनी सरळ भाषेत सांगितलं. मोठा धक्का बसतो तेव्हा अंग काहीतरी करायला निघालेलं असतं. पळायला, मारायला, धरायला. ते मध्येच अडकतं. मन पुढे जातं, अंग तिथेच थांबून राहतं. आपण त्याला घाई न करता विचारायचं की बाबा, तुला काय करायचं होतं, आणि आता इथे, धोका नसताना, ते पुरं करू द्यायचं. काय घडलं ते सांगायची सक्ती नाही.

"सांगायचं नाही?"

"तुम्हाला वाटलं तर. पण आतून काही बाहेर येत असेल तर दाबू नका. दुसऱ्याला काय वाटेल ही तुमची जबाबदारी नाही."

सांगायची सक्ती नाही म्हटल्यावर वस्तादाचा जीव भांड्यात पडला. तो दर आठवड्याला बसने येऊ लागला. मॅडम त्याला तळपाय जमिनीवर दाबायला लावत, श्वास कुठवर जातो ते बघायला लावत. गादीला पाठ लावून ढकलायला लावत. एकदा मांड्या थरथरायला लागल्या. त्याने लाजून पाय घट्ट मिटले. "येऊ द्या, थांबवू नका," मॅडम म्हणाल्या. बराच वेळ तो टेम्पोच्या इंजिनासारखा हलत राहिला आणि त्या दुपारी बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला भूक लागली.

"थरथरायची शिकवणी लावलीस म्हणे," बुटका गोडाऊनबाहेर म्हणाला. "आमच्याकडे आला असतास. मुकादम फुकटात थरथरवतो."

पण हात तसेच. शेवटी मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही ओझं खाली ठेवता तेव्हा हात सोडायचा हे हाताला कसं कळतं?"

"टेकलं म्हणतात ना."

"कोण?"

मग त्याने कायदा सांगितला. बायकोचंही सांगितलं, ती कशी म्हणायची, कशी मुद्दाम म्हणायची नाही. मॅडम खुर्चीच्या कडेवर आल्या. "अहो, हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हातांना विचारत होतात. मला कुठे विचारलंत?"

मॅडमना रस्ता सापडला होता. लोड उचलायचा, खाली न्यायचा, आणि जमिनीला लागला की कुणीतरी तो शब्द म्हणायचा. त्यांनी स्वतः म्हणून बघितलं. हातांनी ओळख दाखवली नाही.

"कुणाचा आवाज चालेल?"

"मुलीचा आवाज तिच्या आईसारखा आहे," तो म्हणाला.

मुलगी तयारच होती. कधीपासून आत बसू द्या म्हणून मागे लागलेली. मॅडमनी तिला आधी बजावलं, की इथे काही शोधायचं नाही, काही ठरवायचं नाही, नुसतं बरोबर राहायचं. तिने मान हलवली.

दोन लोड एकत्र ठेवले, भोवती गोधडी गुंडाळली, वरून दोर. गाठ वस्तादाने सांगितली तशी मॅडमनी मारली. जड गाठोडं झालं. तिच्याइतकं नाही, पण जड. एक बाजू त्याच्या हातांवर ठेवली, दुसरी मुलीने धरली. समोरासमोर बापलेक, मध्ये गाठोडं. कित्येक महिन्यांत दोघं इतकी जवळ आली नव्हती.

"हळूहळू," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. काका, वजन जाणवू द्या."

त्याला वजन जाणवलं. मानेत घातलेला हात जाणवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायची सोय नव्हती, तेव्हा येऊ दिलं. तो गुडघ्यांत वाकू लागला, मुलगीही वाकू लागली. गाठोडं कमरेखाली गेलं, मांड्यांच्याही खाली आलं. त्याने डोळे मिटले होते. डोळे मिटूनच तो हे काम करत आला होता, समोरच्याच्या शब्दावर.

"टेकलं," मुलगी म्हणाली.

आवाज त्याच्या बायकोचा होता. हात सुटले.

त्याची बाजू गुडघ्याएवढ्या उंचीवरून धाडकन खाली पडली. दोर सुटला, एक लोड घरंगळत कोचाखाली गेला. वस्तादाने डोळे उघडले. मुलीच्या हातात तिची बाजू अजून होती, हवेत.

"बघितलंत?" ती मॅडमना म्हणाली. ओरडली नाही. शाळेत मुलाला चोरी करताना धरल्यासारखं म्हणाली. "सोडलं यांनी. बघितलंही नाही, सोडलं. असंच सोडलं."

"अहो, तुम्ही आधीच का म्हणालात?" मॅडमचा चेहरा उतरला होता. "अजून लागलं नव्हतं!"

"मला बघायचं होतं. शरीर खोटं बोलत नाही ना? तुमच्याच भिंतीवर आहे."

"त्याचा अर्थ हा नाही. शरीर साक्ष देत नसतं. काका, तुम्ही बसा आधी. ताई, तुम्ही बाहेर थांबा..."

वस्ताद बसला नाही. त्याने खाली बघितलं. त्याचे हात मांड्यांच्या बाजूला सरळ लोंबत होते. बोटं हलवली, हलली. मूठ वळली, वळली. इतक्या दिवसांनी हात खाली आले होते, आणि ते हवेत म्हटलेल्या 'टेकलं'वर. त्या गड्याला त्याने भर रस्त्यात उतरवलं होतं. हिला कुठे उतरवणार?

"तुझ्या आईला मी पाडलं नाही," तो म्हणाला.

"मग कुणी?"

"काका," मॅडम म्हणाल्या, "आज नको. आज इथेच थांबू."

"तुम्हीच म्हणालात ना, येत असेल तर दाबू नका?" तो मुलीकडेच बघत होता. "मी स्वयंपाकघरात होतो. ती आपली आपण उठली. आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, बाबांना मारून मग उठणार का. म्हणून उठली. तुझे बूट घालून उठली. एकच बूट घालता आला तिला. पट्टा लागला नाही. लागतो म्हणालीस ना तू? नाही लागला. त्याच पट्ट्यावर टाच पडली आणि आडवी झाली."

मुलगी गाठोड्याची आपली बाजू तशीच धरून होती.

"बूट मी काढून ठेवला. तुला दिसू नये म्हणून. पलंगाखाली आहे अजून, ये बघायला. पट्ट्याला तिने दातांनी ओढल्याच्या खुणा आहेत."

हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. ते त्यालाही कळत होतं. सांगताना बरं वाटत होतं म्हणून त्याने सांगितलं. आणि आईचा निरोप, तो मात्र जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. ती हसली होती, तेही गिळलं.

मॅडमनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. आपल्या हातातली गाठोड्याची बाजू सावकाश जमिनीवर ठेवली, कोचाखालचा लोड काढला, भिंतीला लावला, गोधडीची घडी घातली. मग गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली. गाडीत दोघं शेजारी बसले. रस्ताभर ती एक अक्षर बोलली नाही. त्याला दारात सोडलं. त्याने स्वतःच्या हाताने गाडीचं दार उघडलं, स्वतःच्या हाताने लावलं.

त्या रात्री वस्ताद मेल्यासारखा झोपला.

सोमवारी तो गोडाऊनवर हात हलवत गेला. मुकादमाने पेढीवरून उठून बघितलं. बुटका म्हणाला, "आता आमचा चहा कोण आणणार?" आणि त्याने मागे वळून नाक शिंकरलं. पहिल्याच खेपेला एक जुनं लाकडी कपाट निघालं, आरशाचं. अरुंद जिना, दोन वळणं. वस्ताद खाली, बुटका वर. टेम्पोच्या फळीवर कपाट ठेवलं, बुटका म्हणाला, "टेकलं," आणि वस्तादाचे हात सुटायला क्षणभर उशीर झाला. त्याने वाकून बघितलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. बुटक्याने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"टेकलंय रे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आहे."

पुढे एका रविवारी मुलीची गाडी दाराशी येऊन थांबली. ती उतरली नाही. मागचं दार उघडून नात उतरली आणि थेट येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आई म्हणाली, म्हणजे लिहून दिलं तिने, आता उचललं तरी चालेल."

वस्ताद वाकला. हात खाली गेले, काखेत बसले, नात वर आली. हलकी होती. हात काही कुरकुरले नाहीत.

"लिहून का दिलं?"

"आईचा आवाज गेलाय ना. तुमच्याकडून आली त्या दिवसापासून. नुसती हवा येते. डॉक्टरांनी बॅटरीने बघितलं, घसा चांगला आहे म्हणाले. सगळं चांगलं आहे म्हणाले." नातीने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "शिट्टी वाजवते ती शाळेत. पण घरी कशी वाजवणार?"

वस्तादाने गाडीकडे बघितलं. मुलगी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. वाळली होती. गळ्यापाशी हातरुमाल बांधलेला.

त्या घरात, या घरात, जगात कुठेही आता तो आवाज उरला नव्हता. आधी एकीचा गेला होता, आता दुसरीचाही गेला. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. निरोप त्याच्याकडे होता. दोन वाक्यांचा. उभी राहिले मी, माझी मी. आणि हसली. एवढंच जाऊन सांगायचं. आवाज आला असता की नाही कोण सांगणार, पण तिला हे कळलं असतं की आई रागावून गेली नाही.

त्याने नातीला खाली ठेवलं.

"टेकले," ती म्हणाली. त्याने हात सोडले.

तो गाडीजवळ गेला. मुलीने काच खाली केली. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं. ओठ हलले. 'बाबा' असेल, दुसरं काही असेल. नुसती हवा आली. ती वाट बघत होती, हे कुणालाही दिसलं असतं.

वस्तादाने दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवले. त्याला ते गाठोडं आठवलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर, हवेत, आणि तरी तिने म्हटलेलं 'टेकलं'.

"मागच्या चाकात हवा कमी आहे," तो म्हणाला. "जाताना भरून घे."

आणि नातीचं बोट धरून तो घरात गेला.